एसीसी घ्यावा का, आणि घेतल्यावर गाडी सारखी का घसरते?

प्रश्न दोन भागांत विचारलाय. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने, म्हणजे एसीसी, हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम घेण्यासारखा आहे का? आणि घेतल्यावर गाडी तिसऱ्या-चौथ्या लॅपपासून घसरायला का लागते, बऱ्याचशा सर्व्हरवर प्रवेश का मिळत नाही, पाऊस आला की काहीच का सुचत नाही? दोन्हींचं मूळ एकच आहे. या गेमने एकच स्पर्धा निवडली आणि ती अगदी आतपर्यंत उभी केली. पण आत काय चाललंय ते खेळणाऱ्याला समजावून सांगायचं काम मात्र जवळजवळ सोडून दिलं. त्यामुळे ज्याला आपण गेमचा दोष म्हणतो, त्यातला निम्मा भाग न वाचलेल्या आकड्यांचा असतो. उरलेला निम्मा खरोखरच दोष आहे, आणि तोही स्पष्ट सांगायला हवा.

आधी गेम नेमका काय आहे ते. कुनोस सिम्युलाझिओनी ही इटालियन कंपनी रोमजवळच्या वाल्लेलुंगा सर्किटच्या आवारातून काम करते. त्यांचा पहिला असेटो कोर्सा २०१४ चा. एसीसी सप्टेंबर २०१८ मध्ये अर्ली अॅक्सेसला (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आला, २९ मे २०१९ ला पीसीवर पूर्ण झाला आणि जून २०२० मध्ये कन्सोलवर पोचला. तेव्हाच्या ब्लाँपां जीटी सिरीजचा, म्हणजे आताच्या जीटी वर्ल्ड चॅलेंजचा, तो अधिकृत गेम. गाभा जीटी३ गाड्यांचा, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्यांचा; जीटी४ आणि जीटी२ गाड्या नंतर आल्या. रस्त्यावरच्या गाड्या नाहीत, फॉर्म्युला नाही, रॅली नाही आणि बाहेरचे मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी बनवलेल्या गाड्या आणि ट्रॅक, चालत नाहीत. पहिल्या असेटो कोर्सातलं मॉडचं अफाट जग डोळ्यांसमोर ठेवून कोणी हा गेम घेणार असेल, तर त्याने घेऊ नये. इथे फक्त लिव्हरी, म्हणजे गाडीची रंगसजावट, स्वतःची करता येते.

बदल्यात काय मिळतं? टायर. कारचा टायर तापतो, फुगतो, झिजतो, त्याला खडी-रबराचा कचरा चिकटतो, आणि या प्रत्येक गोष्टीचा परिणाम स्टिअरिंगमध्ये आणि आवाजात जाणवतो. टायरचा आवाज तर हातात येणाऱ्या बळाइतकाच उपयोगी आहे. पकडीच्या सीमेजवळ तो बारीक कुरकुरतो, सीमा ओलांडली की घासल्यासारखा भसाडा होतो. हेडफोन लावून चालवणाऱ्याला गाडी सुटण्याआधी अर्धा सेकंद इशारा मिळतो. म्हणून इंजिनचा आवाज थोडा कमी आणि टायरचा जास्त ठेवा. ट्रॅक लेझर-स्कॅन केलेले आहेत आणि कर्बचे, म्हणजे वळणाच्या कडेच्या पट्ट्यांचे, उंचवटे खरे लागतात. कोणत्या कर्बवर चढायचं आणि कोणता सोडायचा, हे गाडीगणिक बदलतं. स्पाच्या २४ तासांच्या शर्यतीतली पहाट, मागून येणाऱ्या दिव्यांचा आरशातला झोत, ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीने उडवलेला पाण्याचा फवारा, हे सगळं आजही फार थोड्या गेमना इतकं नीट जमलंय.

आता घसरण्याकडे वळू. दहापैकी आठ वेळा कारण टायर प्रेशर, म्हणजे टायरमधल्या हवेचा दाब, असतं. जीटी३च्या कोरड्या टायरला चालून गरम झाल्यावर २६ ते २७ पीएसआय हवं असतं. ही मर्यादा १.९ आवृत्तीपासूनची आहे. त्याआधी ती २७.३ ते २८ च्या आसपास होती, त्यामुळे जुने व्हिडिओ आणि जुने सेटअप (गाडीच्या जुळवणीचे आकडे) आज सरळ चुकीचे ठरतात. प्रेशर जास्त झालं की टायरचा मधला भाग फुगतो, जमिनीला टेकणारं क्षेत्र कमी होतं आणि उरलेल्या पट्ट्यावर सगळा भार येऊन तो आणखी तापतो. तापला की प्रेशर आणखी वाढतं. पहिले दोन लॅप छान आणि मग गाडी बर्फावर असल्यासारखी, ही तक्रार इथून येते. प्रेशर कमी पडलं तर उलटं होतं. टायरची भिंत दुमडत राहते, स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी जरा उशिरा ऐकते.

हे दुरुस्त कसं करायचं, ते एका उदाहरणाने पाहा. सराव सत्रात ज्या तापमानाला शर्यत होणार आहे तेच तापमान लावा. बाहेर पडा आणि न थांबता पाच लॅप खऱ्या वेगाने मारा. एक-दोन लॅपचा आकडा फसवा असतो, कारण प्रेशर तोपर्यंत चढतच असतं. पाचव्या लॅपला सरळ रस्त्यावर आकडे वाचा. समजा पुढचा डावा २७.४, पुढचा उजवा २६.६, मागचा डावा २७.२ आणि मागचा उजवा २६.५ आहे. सगळे २६.६ ला आणायचे तर सेटअपमध्ये पुढच्या डाव्यातून ०.८ आणि मागच्या डाव्यातून ०.६ काढा, मागच्या उजव्यात ०.१ घाला, पुढचा उजवा तसाच ठेवा. एक क्लिक म्हणजे ०.१. पुन्हा पाच लॅप मारून तपासा, कारण डावे टायर थंड राहू लागले की ते तापण्याची गतीही थोडी बदलते. घड्याळाच्या दिशेने जाणाऱ्या ट्रॅकवर डावी बाजू जास्त तापते, म्हणून थंड असताना डाव्या टायरांत हवा कमी लागते. इमोला, लगुना सेका, बाथर्स्ट, क्यालामी, ऑस्टिन हे उलट दिशेचे ट्रॅक. तिथे हिशेब उलटा.

हवेचं तापमान १ अंशाने बदललं की टायरचं प्रेशर साधारण ०.१ पीएसआयने बदलतं, असा ढोबळ हिशेब धरा. २६ अंशांना बसवलेला सेटअप १८ अंशांच्या संध्याकाळी नेला तर ०.८ कमी पडणार, म्हणजे चारही टायर मर्यादेच्या खाली. दुसऱ्याचा सेटअप उतरवून घेताना नेमकं हेच विसरलं जातं. त्याचे स्प्रिंग, विंग, डिफरेन्शियल सगळं वापरा, प्रेशर मात्र आपलं आपणच काढा. ब्रेक डक्ट, म्हणजे ब्रेकला गार हवा पोचवणारे मार्ग, हेही यात हात घालतात. डक्ट बंद केले की ब्रेकची उष्णता रिममध्ये साठते आणि टायर फुगतो. डक्ट बदलला की प्रेशर पुन्हा मोजावंच लागतं.

प्रेशर बरोबर असूनही गाडी हातात राहत नसेल तर खेळायच्या स्टिअरिंग व्हीलच्या सेटिंगकडे या. व्हीलच्या ड्रायव्हरमध्ये ९०० अंश ठेवले असतील तर गेममध्येही स्टिअर लॉक (व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरण्याचा कोन) ९००च हवा. मग प्रत्येक गाडीचा खरा कोन गेम स्वतः सांभाळतो. फेरारी ४८८ जीटी३ला तो ४८० अंश आहे, ९९१ पिढीच्या पोर्शेला ८००. हे दोन आकडे जुळत नसतील तर पडद्यावरचा हात आणि तुमचा हात वेगवेगळे फिरतात, आणि घसरलेली गाडी सावरताना नेहमी कमी किंवा जास्त सुधारणा होते. फोर्स फीडबॅकचा, म्हणजे व्हीलमधून हाताला येणाऱ्या बळाचा, गेन इतकाच ठेवा की वेगवान वळणातही ते बळ दाखवणारी पडद्यावरची पट्टी सतत टोकाला टेकून राहणार नाही. टेकली की त्यापुढचं बळ कापलं जातं आणि टायर सुटतोय हे कळवणारा बारीक फरक नाहीसा होतो. गिअर किंवा बेल्टच्या व्हीलला थोडा मिनिमम फोर्स लागतो, कारण मध्यावर त्यांची मोटार निपचित असते. डायरेक्ट ड्राइव्हला (व्हील थेट मोटारीवर बसवलेलं असतं) तो शून्य ठेवा. रोड इफेक्ट्स शून्यावर किंवा अगदी कमी. ते हादरे वरून घातलेले आहेत, टायरकडून आलेले नाहीत, आणि खऱ्या माहितीवर पडदा टाकतात.

ब्रेकिंगचंही थोडं. मोंझाच्या पहिल्या शिकेनकडे गाडी २५० च्या वर येते आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरपर्यंत उतरावी लागते. एबीएस असल्यामुळे पहिला दाब जोरदार द्यायचा; तेव्हा डाउनफोर्स, म्हणजे गाडीला खाली दाबणारं हवेचं बळ, भरपूर असतो आणि चाकं तो सहन करतात. वेग उतरतो तसा डाउनफोर्स आटतो, म्हणून पायही सोडत यायचं. वळण सुरू होताना साधारण पाचवा हिस्सा दाब शिल्लक असेल तर पुढच्या टायरवर वजन राहतं आणि नाक आत येतं. नवखे इथे दोनपैकी एक करतात. पूर्ण दाबातच स्टिअरिंग फिरवतात, मग एबीएस कुरकुरत राहतो आणि गाडी सरळ जाते. किंवा पाय एकदम उचलतात, नाक वर येतं आणि गाडी वळतच नाही. याला सेटअपचा अंडरस्टिअर (गाडी हवी तेवढी न वळणं) समजून पुढचा अँटीरोल बार (गाडीचं कलणं रोखणारा दांडा) मऊ करत बसलं तर दुसऱ्याच वळणात मागची बाजू सुटते.

इंधन आणि पिट, म्हणजे शर्यतीत इंधन-टायरसाठी थांबण्याची जागा. ६० मिनिटांची शर्यत, लॅप १ मिनिट ४८ सेकंदांचा, खप लॅपमागे ३.१ लिटर धरा. ३६०० भागिले १०८ म्हणजे ३३.३, अर्थात ३४ लॅप. वेळ संपला तरी चालू लॅप पूर्ण करावाच लागतो. त्यात फॉर्मेशन लॅपचा (शर्यत सुटण्याआधी रांगेत मारायच्या लॅपचा) १ आणि हाताशी राखून १. ३६ गुणिले ३.१ म्हणजे १११.६, म्हणून ११२ लिटर. फॉर्मेशन लॅप विसरणारे शेवटच्या लॅपला इंधन संपून उभे राहतात.

पिटमध्ये याहून मोठा सापळा आहे. सेटअपच्या टायर पानावरचं प्रेशर फक्त सुरुवातीच्या टायरांना लागू होतं. पिटमध्ये बसणाऱ्या नव्या टायरांचं प्रेशर स्ट्रॅटेजीच्या पानावर वेगळं भरावं लागतं. ते न भरता शर्यतीत उतरलं की पहिला स्टिंट (पिटपर्यंतचा टप्पा) सुरेख जातो आणि टायर बदलल्यावर गाडी परकी वाटते. लोक याचा दोष टायरच्या संचाला किंवा गार पडलेल्या ट्रॅकला देतात. शर्यतीपूर्वी स्ट्रॅटेजी १ कोरड्यासाठी आणि स्ट्रॅटेजी २ पावसासाठी भरून ठेवा. चालवताना एमएफडीवर (पडद्यावरच्या माहितीच्या चौकटीत) फक्त क्रमांक बदलायचा. पिटलेनची वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर आहे, आणि लिमिटर रेषेआधी लावायचा असतो, रेषेवर नाही.

पावसात हा गेम सगळ्यात श्रीमंत आहे आणि सगळ्यात निर्दयही. ट्रॅकची अवस्था, कोरड्यापासून पाणी तुंबलेल्यापर्यंत, पडद्यावर लिहून येते: ग्रीन, फास्ट, ऑप्टिमम, ग्रीसी, डॅम्प, वेट, फ्लडेड. ग्रीसीला स्लिकवरच, म्हणजे कोरड्यासाठीच्या गुळगुळीत टायरवरच, थांबा. डॅम्पला निर्णय ट्रॅकवर आणि अंदाजावर अवलंबून असतो. वेट दिसलं की वेट टायर. हवामानाची चौकट आत्ताचं, १० मिनिटांनंतरचं आणि ३० मिनिटांनंतरचं चित्र देते, आणि पिटचा निर्णय १० मिनिटांच्या चित्रावर घ्यायचा असतो. वेट टायरला गरम असताना ३० पीएसआयच्या आसपास लागतं, कोरड्यापेक्षा बरंच जास्त. पाऊस थांबल्यावर गाड्यांच्या चाकांनी पाणी बाजूला सारून रेषा सुकते, आणि त्या सुकलेल्या पट्ट्यावर वेट टायर झपाट्याने तापून मऊ पडतात. लगेच पिटला जायचं नसेल तर सरळ रस्त्यावर गाडी रेषेबाहेरच्या ओल्या भागातून न्या. टायर गार होतात आणि दोन-तीन लॅप जास्त मिळतात. डबकी दर वेळी त्याच ठिकाणी साचतात, ती पाठ करून ठेवावीत. रंगवलेल्या कर्बला पावसात स्पर्श करू नये. ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस एक-दोन क्लिक वाढवा, पुढचे दिवे आणि वायपर चालू करा, आणि त्यांची बटणं व्हीलवरच नेमा. पहिल्या सरीत कीबोर्ड शोधणारा हात स्टिअरिंगवरून सुटतो.

आता खरे दोष.

ऑनलाइन प्रवेश दोन गोष्टींवर ठरतो: ट्रॅक पदकं आणि सेफ्टी रेटिंग, म्हणजे एसए. प्रत्येक ट्रॅकची ३ पदकं असतात आणि ती स्वच्छ लॅप मारून मिळतात. हा भाग न्याय्य आहे, ट्रॅक न शिकता कोणी ३० गाड्यांच्या गर्दीत उतरू नये. एसए मात्र वेगळ्या तऱ्हेने चालतं. दुसऱ्या गाडीच्या जवळ राहून धक्का न लावता चालवलं की विश्वासाचे गुण साठतात, धडक झाली की जातात. एकटं, लांब, सुरक्षित चालवणाऱ्याचं रेटिंग त्यामुळे वाढतच नाही. हे कुठेच धड सांगितलेलं नाही आणि पुष्कळ जण इथेच गेम सोडतात. दुसरी अडचण अशी की चूक कोणाची हे ओळखण्यात गेम कच्चा आहे. मागून येऊन धडकणाऱ्याबरोबर ज्याला धडक बसली त्याचेही गुण जातात. यावर उपाय: सुरुवातीचं एसए एआयसोबत ऑफलाइन कमवा. गाड्यांची गर्दी ठेवा, शर्यत २० मिनिटांची, मधल्या जागेवरून सुरुवात, आणि ओव्हरटेक करायचा मोह टाळून पुढच्या गाडीच्या मागे सेकंदभराच्या अंतरावर राहा. त्यानंतर पब्लिक सर्व्हरवर जा. पहिल्या वळणाला मुद्दाम जास्त आधी ब्रेक लावा. तिथे गमावलेल्या दोन जागा पाचव्या मिनिटापर्यंत आपोआप परत मिळतात, कारण पुढचे एकमेकांत अडकलेले असतात.

करिअर मोड तुटपुंजा आहे. ना संघ बांधता येतो, ना पैशांचा हिशेब, ना वर्षानुवर्षांचा प्रवास. ज्याला एकट्याने खेळत गोष्ट घडवायची आहे त्याची इथे निराशाच होते. चॅम्पियनशिप आणि स्वतः लावलेले शर्यतीचे शनिवार-रविवार हाच एकट्याचा खेळ.

अनरिअल इंजिन ४ मुळे पाऊस आणि रात्र देखणी झाली, पण किंमत जबर पडली. शर्यत सुरू होताना फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) कोसळतात तेव्हा बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्ड निवांत असतं आणि प्रोसेसर दमलेला असतो, कारण सगळ्या गाड्या एकत्र असतात. अशा वेळी रिझोल्यूशन कमी करून काहीही सुधारत नाही. दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांची संख्या, आरशाची गुणवत्ता आणि सावल्या खाली आणा. झाडं आणि धुकं त्यानंतर. फ्रेम एका ठरावीक आकड्यावर बांधून टाकल्या की झटके कमी होतात. व्हीआरमध्ये लांबचा ब्रेकिंगचा फलक धूसर दिसतो, आणि चांगल्या संगणकावरही तो पूर्ण स्वच्छ होत नाही. केवळ व्हीआरसाठी गेम घेणाऱ्याने आधी हे गृहीत धरावं. गेम उघडतानाच बिघडत असेल तर डॉक्युमेंट्समधल्या एसीसीच्या फोल्डरात कॉन्फिग आहे, त्यातली मेनूसेटिंग्ज नावाची फाइल बाजूला काढा. गेम नवी बनवतो.

मिळालेली एक अमूल्य सोय फार थोडे वापरतात: टेलिमेट्री, म्हणजे चालवतानाच्या आकड्यांची नोंद. सेटअपच्या इलेक्ट्रॉनिक्स पानावर टेलिमेट्री लॅप्सचा आकडा शून्यापुढे न्या. मोटेकच्या फाइली आपोआप तयार होतात आणि मोटेक आय२ या ती नोंद वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. सगळ्यात आधी फक्त ब्रेक आणि थ्रॉटलच्या रेषा एकाखाली एक लावा. दोन्ही शून्यावर असलेला सपाट तुकडा म्हणजे गाडी नुसती वाहत असलेला वेळ. प्रत्येक वळणात असा अर्धा-अर्धा सेकंद सापडतो, आणि तो कमी करायला सेटअपला हात लावावा लागत नाही.

मित्रांसाठी स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांना एक सूचना. त्याच्या सेटिंगच्या जेसन फाइली यूटीएफ-१६ लिटल एंडियनमध्येच जतन करा, नाहीतर सर्व्हर त्या नीट वाचत नाही आणि दोष नियमांत शोधण्यात संध्याकाळ जाते. हवामानाच्या अनिश्चिततेचा आकडा ० ते ७ असतो. ० म्हणजे स्थिर हवा, १ ते ४ वास्तवाला धरून, ५ च्या पुढे फारच नाट्यमय. लीगसाठी २ किंवा ३ पुरे.

जानेवारी २०२५ मध्ये कुनोसचा असेटो कोर्सा इव्हो अर्ली अॅक्सेसला आला. त्यांनी पुन्हा स्वतःचं इंजिन वापरलंय आणि रस्त्यावरच्या गाड्याही परत आणल्यात. म्हणून एसीसी जुना झाला का? जीटी३च्या दाट गर्दीतल्या शर्यती, २४ तास, चालक बदल आणि पाऊस हवा असेल तर नाही. व्हील आणि पेडल असतील तर मूळ गेम घ्या, एक गाडी आणि मोंझा धरून महिनाभर बसा. सुरुवातीला मागे इंजिन असलेली पोर्शे टाळा, ब्रेक सोडताना तिची शेपूट लवकर फिरते. अॅस्टन मार्टिन किंवा बीएमडब्ल्यू जास्त सांभाळून घेते. जास्तीचे पॅक त्यानंतर एकेक करून घ्या. पहिला पॅक तुम्ही ज्या लीगमध्ये चालवणार त्या लीगच्या ट्रॅक यादीवरून ठरवा, गाड्यांच्या चित्रांवरून नाही. नॉर्डश्लाइफं, म्हणजे न्यूरबर्गरिंगची जुनी लांबलचक वाट, जी १ एप्रिल २०२४ ला आली, ती सगळ्यात शेवटी. २५ किलोमीटरच्या त्या लॅपला पाच लॅपचं प्रेशर मोजायचं म्हणजे पाऊण तास हाताशी लागतो.